झाबवाला, बेअर अ‍ॅक्ट आणि मधली रिकामी जागा

मुंबई विद्यापीठाच्या एलएल.बी.ला प्रवेश घेतला की पहिल्या आठवड्यात पुस्तकांच्या दोन याद्या हातात पडतात. एक अभ्यासक्रमाबरोबर आलेली, दुसरी कुणा सिनियरने व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेली. पहिलीत पोलॉक-मुल्ला, अवतार सिंग, रतनलाल-धीरजलाल, सालमंड अशी भारदस्त नावे असतात. दुसरीत बहुधा एकच नाव असते, झाबवाला. विलेपार्ल्याचे जितेंद्र चौहान कॉलेज असो, कांदिवलीचे केईएसचे लॉ कॉलेज असो, चेंबूरचे विवेकानंद असो, की बोरिवलीहून फास्ट पकडून चर्चगेटला गव्हर्नमेंट लॉ कॉलेजला जाणारा विद्यार्थी असो, चालते ती दुसरी यादी. पहिली यादी ग्रंथपालांच्या माहितीसाठी असते असे म्हटले तरी कुणी फारसे रागावणार नाही.

या पुस्तकांकडे आता नव्याने पाहायला एक निमित्त आहे. १ जुलै २०२४ ला भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा हे तिन्ही जाऊन त्यांच्या जागी नवे कायदे आले. २१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ केंद्रीय कामगार कायदे त्यांत विरघळले. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात कामगार कायदा पहिल्याच सत्राला असतो, गुन्ह्यांचा पेपर दुसऱ्या सत्राला. म्हणजे दीड वर्षाच्या आत पहिल्या वर्षाच्या दोन विषयांची पुस्तके जुनी झाली. सिनियरकडून ज्युनिअरकडे, तिथून त्याच्या ज्युनिअरकडे जाणारी पुस्तकांची साखळी इथे तुटली. नवे काय घ्यावे हा प्रश्न एकाच वेळी सगळ्यांपुढे आला.

उपनगरातला हा वाचक कोण, हेही पाहिले पाहिजे. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला बारावी झालेली मुले येतात. तीन वर्षांच्या वर्गात मात्र बँकेत वीस वर्षे काढलेला माणूस, निवृत्तीला आलेला पोलीस अधिकारी, सी.एस. झालेली मुलगी, सोसायटीच्या भांडणांतून कायद्याची गोडी लागलेले काका आणि मुले मोठी झाल्यावर स्वतःचे शिक्षण पुन्हा हाती घेतलेल्या गृहिणी एकाच बाकावर असतात. यांतल्या बहुतेकांच्या घरात आधी कुणी वकील झालेला नाही. यांचा अभ्यास मुलुंड ते दादर किंवा बोरिवली ते अंधेरी एवढ्या प्रवासात होतो. उभ्याने, एका हातात धरून वाचता येईल एवढेच पुस्तक त्यांच्या कामाचे. नऊशे पानांचा ग्रंथ कितीही उत्तम असला तरी तो घरी राहतो.

झाबवालाचे यश इथून सुरू होते. नोशिरवान झाबवाला यांच्या नावाची ही मालिका मुंबईची सी. जमनादास अँड कंपनी काढते. करार, टॉर्ट, गुन्हे, राज्यघटना, कौटुंबिक कायदा, न्यायशास्त्र अशी जवळपास प्रत्येक पेपराला एक वही म्हणावी इतकी आटोपशीर पुस्तके. मांडणी प्रश्नोत्तरांची. प्रश्न, खाली उत्तर, उत्तरात व्याख्या, आवश्यक घटक, अपवाद आणि दोन-तीन ओळींत गाजलेले खटले. उत्तराची लांबी साधारण परीक्षेत लिहायला वेळ मिळतो तेवढीच. प्राध्यापक वर्गात या मालिकेची चेष्टा करतात आणि पेपर तपासताना पहिल्याच परिच्छेदात तिला ओळखतात. तरीही ती पिढ्यान्‌पिढ्या खपते, कारण ती परीक्षेशी प्रामाणिक आहे.

आणि तिला सरसकट गाइड म्हणून उडवून लावणे मला पटत नाही. तिच्यातला सांगाडा बहुतेक ठिकाणी बरोबर असतो. कराराला काय काय लागते, प्रस्ताव केव्हा संपतो, अल्पवयीन व्यक्तीशी केलेल्या कराराचे काय होते, हे नवख्याला इतक्या कमी शब्दांत सांगणारे दुसरे पुस्तक मुंबईत सहज मिळत नाही. दोष दुसरीकडे आहे. विद्यापीठाच्या पेपरात साधारण चार प्रकारचे प्रश्न येतात: एक-दोन वाक्यांत उत्तरे, टिपा, प्रसंग देऊन विचारलेले प्रश्न आणि सविस्तर उत्तरे. यांतल्या तीन प्रकारांना झाबवाला पुरते. चौथ्याला, म्हणजे प्रसंगाला, ती दगा देते.

एक उदाहरण घेऊ. लालमन शुक्ला विरुद्ध गौरी दत्त, अलाहाबाद उच्च न्यायालय, १९१३. कानपूरच्या मालकाचा पुतण्या घरातून निघून जातो. मालक नोकराला हरिद्वारकडे शोधायला पाठवतो. नोकर गेल्यावर मालक बक्षीस जाहीर करतो. नोकराला मुलगा सापडतो, बक्षिसाचे नंतर कळते, तो दावा करतो आणि हरतो. गाइडमधला निष्कर्ष एका ओळीचा: प्रस्ताव माहीत नसेल तर स्वीकृती होत नाही. आता परीक्षकाने प्रसंग थोडा वळवला. नोकराला वाटेतच फोनवर बक्षिसाचे कळले आणि त्यानंतर मुलगा सापडला, तर? पाठांतर करणारा तरीही लालमन शुक्लाच लिहून येतो आणि पुढे कारण लिहितो की प्रस्ताव कळला नव्हता. पण तो तर कळला होता! इथे निकालातली दुसरी बाजू कामाला येते. नोकर म्हणून मुलाला शोधण्याचे काम त्याच्यावर आधीच होते, बक्षीस जाहीर होण्यापूर्वीचे ते कर्तव्य होते. एका ओळीच्या सारांशात ही बाजू गळते, आणि प्रसंगाचे गुण तिच्यातच असतात.

खरे तर नवख्यासाठी चांगले पुस्तक लिहिण्याची परंपरा याच शहराची. दिनशा फरदुनजी मुल्ला (१८६८–१९३४) हे मुंबईचे सॉलिसिटर, गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात शिकवणारे, पुढे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि अखेरीस प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलेले. त्यांनी विखुरलेला हिंदू कायदा आणि मुस्लिम कायदा क्रमांक दिलेल्या परिच्छेदांत बांधला. आधी नियम, मग उदाहरण, मग निकाल. हिंदू कायद्यावरचे त्यांचे पुस्तक १९१२ चे. जे कायदे संहितेत नव्हते ते संहितेसारखे वाचता यावेत ही युक्ती शिकवणाऱ्याला सुचणारी आहे. दिवाणी प्रक्रियेवर मोठा ग्रंथ लिहूनही त्यांनी 'की टू इंडियन प्रॅक्टिस' हे छोटे सार वेगळे काढले. तिकडे रतनलाल रणछोडदास आणि धीरजलाल ठाकोर या जोडीने १८९९ साली बॉम्बे लॉ रिपोर्टर सुरू केले आणि गुन्ह्यांवर, टॉर्टवर पुस्तके लिहिली. आजही न्यायालयात ती लेखकांच्या पहिल्या नावांनीच ओळखली जातात. पुण्यात त्याच सुमारास लोकमान्य टिळक प्लीडरच्या परीक्षेसाठी खासगी लॉ क्लास चालवत होते. अंधेरी-घाटकोपरच्या लॉ क्लासेसचा वंश असा बराच वर जातो.

मग ही पुस्तके विद्यार्थ्यांच्या हातून गेली कुठे? ती वाढत गेली. प्रत्येक आवृत्तीला नव्या निकालांची भर पडली, संपादक बदलले, पाने दुप्पट-तिप्पट झाली. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या एन. एम. त्रिपाठींकडे छापला जाणारा मुल्ला, नागपूरच्या वाधवांकडे गेलेले रतनलाल, हे सगळे वकिलाच्या टेबलामागच्या कपाटाचे ग्रंथ झाले. वाधवा पुढे लेक्सिसनेक्सिसमध्ये सामील झाले आणि किमतीही त्या थाटाच्या झाल्या. 'विद्यार्थी आवृत्ती' म्हणून जे निघते तेही बहुधा मोठ्या ग्रंथातला मजकूर कापून उरलेले असते. विद्यार्थ्याला डोळ्यांपुढे ठेवून ते मुळापासून लिहिलेले नसते. मुल्लांनी सोडलेल्या त्या जागेत गाइड येऊन बसले, आणि यात गाइडचा काही गुन्हा नाही.

मधल्या पायरीवर उत्तर भारतातली पुस्तके आहेत, आणि मुंबईच्या शिक्षकांनी सुचवलेल्या याद्यांत हल्ली त्यांचाच भरणा असतो. लखनौच्या ईस्टर्न बुक कंपनीचे अवतार सिंग यांचे करारावरचे पुस्तक वाचनीय आहे. त्यात खटल्यांची गोष्ट सांगितली जाते, पण तळटीपांच्या गर्दीत मूळ नियम कुठे संपला हे नवख्याला कळत नाही. आर. के. बांगिया यांचे टॉर्ट सरळ आहे. पहिल्या सत्राला मी तेच सुचवीन. जे. एन. पांडे यांची राज्यघटना लोकप्रिय असली तरी तीच गोष्ट दोन-तीनदा सांगते. व्ही. एन. शुक्ला यांची जुनी राज्यघटना, महेंद्रपाल सिंग यांनी वाढवलेली, अवघड आहे पण खरोखर शिकवते. टकवाणींची दिवाणी प्रक्रिया तिसऱ्या वर्षाला उपयोगी पडते. या सगळ्यांत माझ्या मते आदर्श जवळ येतो तो केळकरांच्या 'लेक्चर्स ऑन क्रिमिनल प्रोसिजर'चा. त्याच विषयावरच्या मोठ्या ग्रंथाशेजारी व्याख्यानाच्या क्रमाने लिहिलेले लहान पुस्तक ठेवायचे, हा विचार मुल्लांच्याच वळणाचा. न्यायशास्त्रावर महाजन आणि ध्यानी यांच्यात निवड करायची म्हणजे कंटाळ्याचे दोन प्रकार तोलणे आहे. तो विषय शिक्षकावर सोडावा.

या सगळ्या पुस्तकांत मुंबईचा विद्यार्थी स्वतःला कुठेच भेटत नाही, हे मला जास्त खटकते. लखनौ-अलाहाबादच्या लेखकांकडून महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०, सदनिकांविषयीचा मोफा कायदा १९६३ किंवा भाडे नियंत्रण कायदा १९९९ यांची अपेक्षा करणे योग्य नाही. पण बोरिवली-मुलुंडच्या नव्या वकिलाची पहिली प्रकरणे बहुधा याच कायद्यांची असतात: गळती, पार्किंग, सोसायटीची निवडणूक, पुनर्विकासाचा करारनामा. करार शिकवताना विकासकाने ताबा न देणे हे उदाहरण घेता येते. पुस्तक मात्र १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या कार्बोलिक स्मोक बॉलच्या इंग्लिश निकालापाशीच थांबते. तो निकाल वाचलाच पाहिजे, पण त्याच्या पुढच्या पानावर घाटकोपरची एखादी इमारत का नसावी?

आणि जिथे आपली माणसे पुस्तकात आहेत तिथे ती ओळखू येत नाहीत. वैद्यकीय निष्काळजीपणा हा टॉर्टमधला हमखास प्रश्न. त्यावरचा हुकमी खटला म्हणजे लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्रिंबक बापू गोडबोले, सर्वोच्च न्यायालय, ऑल इंडिया रिपोर्टर १९६९. गाइडमध्ये तो चार ओळींचा: डॉक्टरची तीन कर्तव्ये असतात. रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना आणि तो उपचार करताना काळजी घेणे. पाठ करून विद्यार्थी मोकळा होतो. निकाल उघडला की वेगळे चित्र दिसते. मे १९५३. गोडबोल्यांचा वीस वर्षांच्या आसपासचा मुलगा आनंद रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर पडतो, डाव्या मांडीचे हाड मोडते. गावातला डॉक्टर लाकडी फळ्या बांधतो. कोकणातून पुण्यापर्यंतचा लांबचा प्रवास टॅक्सीने. पुण्याच्या इस्पितळात हाड ओढून बसवताना पूर्ण भूल दिली नाही, मॉर्फियाच्या इंजेक्शनवर भागवले, माणसे लावून जोर केला आणि त्याच संध्याकाळी मुलगा गेला, असा वडिलांचा दावा. वडील स्वतः डॉक्टर. खटला दिवाणी न्यायालयातून उच्च न्यायालयात आणि तिथून दिल्लीला गेला. नुकसानभरपाईची रक्कम तीन हजार रुपये, आणि ती वरपर्यंत कायम राहिली.

हे वाचले की प्रश्न आपोआप पडतात. भूल न देणे ही चूक की वैद्यकीय निर्णय? लांबच्या प्रवासाचा धक्का आणि उपचाराचा धक्का वेगळे कसे करायचे? पुरावा म्हणून कागद कोणते आले, कुणाचे पत्र कुणाविरुद्ध वापरले गेले? टॉर्ट म्हणजे हेच प्रश्न. कोकणातल्या घरातून आलेल्या मुलाला पालशेत कुठे आहे हे सांगावे लागत नाही. त्याला मूळ निकालाची दहा पाने कुणी काढून दिली पाहिजेत, एवढेच. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आता ई-एससीआरवर फुकट आहेत, कायदे इंडिया कोडवर फुकट आहेत, इंडियन कानून तर २००८ पासून आहे. बरेच निकाल मराठीतही आले आहेत. तरीही वर्गात खटल्याचे नाव फळ्यावर लिहिले जाते आणि विद्यार्थी सारांशाकडे वळतो, कारण निकाल कसा वाचायचा हे त्याला कुठल्याच पुस्तकाने सांगितलेले नसते. इंग्लंडमध्ये ग्लॅनव्हिल विल्यम्स यांचे 'लर्निंग द लॉ' १९४५ पासून हे काम करते आहे. चॅटबॉटला विचारून न घडलेले खटले वहीत उतरवण्याची नवी सवय लागली आहे, तिच्यावरही उतारा मूळ निकाल वाचणे हाच.

आता बेअर अ‍ॅक्टकडे येऊ. नुसत्या कलमांचे हे पातळ पुस्तक बहुतेकांना दुय्यम वाटते. झाबवाला वाचायचा आणि बेअर अ‍ॅक्ट 'रेफर' करायचा असा शिरस्ता आहे. माझे मत उलट आहे. आपल्या जुन्या संहिता मुळातच शिकवण्याच्या हेतूने लिहिल्यासारख्या आहेत. मेकॉलेच्या आयोगाने दंड संहितेच्या १८३७ च्या मसुद्यात कलमाखाली उदाहरणे घालण्याची पद्धत आणली आणि १८७२ च्या करार कायद्यात, पुरावा कायद्यात तीच आली. चोरीचे कलम उघडून पाहा. दुसऱ्याच्या जमिनीवरचे झाड चोरण्याच्या हेतूने तोडले, तर चोरी केव्हा पूर्ण होते? घेऊन गेल्यावर नाही, झाड जमिनीपासून वेगळे झाले की तेव्हाच. खिशात कुत्र्याचे आमिष ठेवून दुसऱ्याच्या कुत्र्याला आपल्यामागे यायला लावले, तर कुत्रा मागे निघाला त्या क्षणी चोरी झाली. ताब्यातून हलवणे म्हणजे काय हे या दोन उदाहरणांपेक्षा चांगले कुठल्याही भाष्यात मिळत नाही. ही उदाहरणे दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खालीही कायम आहेत. पुढच्या काळातल्या कायद्यांत, उदाहरणार्थ ग्राहक संरक्षण कायद्यात, ही सोय नाही. तिथे खरोखर पुस्तक लागते.

बेअर अ‍ॅक्टच्या बाजारातली एक गंमत विद्यार्थ्यांना क्वचितच माहीत असते. कायद्याचा मजकूर सरकारी, तरी खासगी प्रकाशक तो छापून विकतात. ही मुभा कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधली, पण विधिमंडळाच्या कायद्यासाठी तिला अट आहे: मजकुरासोबत भाष्य किंवा दुसरे काही स्वतःचे लेखन असले पाहिजे. बेअर अ‍ॅक्टच्या सुरुवातीला प्रस्तावनेसारखी दोन पाने आणि कलमांखाली बारीक टाइपातल्या टिपा असतात, त्यामागे ही अटही आहे. त्या टिपांचा दर्जा प्रकाशकागणिक बदलतो. सनद घेतल्यावर द्यावी लागणारी अखिल भारतीय बार परीक्षा पूर्वी पुस्तके उघडून देता यायची. आता तिथे टिपा नसलेला बेअर अ‍ॅक्टच नेता येतो. म्हणजे हा जिन्नस पहिल्या वर्षी हाताळायची सवय नसेल तर शेवटी अडायला होते.

नव्या फौजदारी कायद्यांच्या पुस्तकांबद्दल थोडे कडक बोलावे लागेल. दंड संहितेची ५११ कलमे होती, न्याय संहितेची ३५८ आहेत. खुनाची शिक्षा ३०२ वरून १०३ वर गेली, फसवणुकीचे ४२० आता ३१८ च्या चौथ्या पोटकलमात आहे, प्रक्रियेच्या कायद्यात अटकपूर्व जामीन ४३८ वरून ४८२ वर आला. गेल्या दोन वर्षांत आलेल्या अनेक पुस्तकांनी एवढेच केले: जुना मजकूर, नवा आकडा, शेवटी तुलनात्मक तक्ता. तक्ता लागतोच, नाही असे नाही. पण कुठे नुसता आकडा बदलला आणि कुठे कायदा बदलला हे त्यातून कळत नाही. हिसकावून नेण्याचा स्वतंत्र गुन्हा कलम ३०४ मध्ये आला, संघटित गुन्हेगारी १११ मध्ये आली, सामुदायिक सेवा ही शिक्षा आली, ३७७ गेले, राजद्रोहाचे १२४अ गेले आणि १५२ वेगळ्या शब्दांत आले. विकत घेण्यापूर्वी एक चाचणी करता येते. दुकानात उभ्या उभ्या कलम १०६ उघडा. अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाविषयीचे त्याचे दुसरे पोटकलम १ जुलै २०२४ ला बाकी संहितेबरोबर लागू केले गेले नव्हते. पुस्तक हे सांगत असेल तर संपादकाने काम केले आहे. सांगत नसेल तर पुस्तक परत ठेवा.

जुने रतनलाल मात्र रद्दीत घालू नका. १ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्यांना जुनाच कायदा लागू आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंडची दंडाधिकारी न्यायालये आणि दिंडोशीचे सत्र न्यायालय यांत पुढची कित्येक वर्षे ३०२ आणि १०३ शेजारी शेजारी चालतील. शिवाय हेतू, समान उद्दिष्ट, खासगी बचाव यांवरचे शंभर वर्षांचे निकाल जुन्या आकड्यांखालीच आहेत. परीक्षेसाठी नवे, समजण्यासाठी जुने, असा दुहेरी संसार या विद्यार्थ्यांच्या नशिबी आहे.

माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला किंवा फाउंटनच्या फुटपाथवर जुनी पुस्तके घेणाऱ्यांसाठी हाच हिशेब पुढे नेता येतो. करार: निर्धास्त घ्या, १८७२ चा कायदा बहुतांशी तसाच आहे. टॉर्ट: घ्या, पण ग्राहक संरक्षणाचा भाग फाडून टाकलात तरी चालेल. १९८६ चा कायदा गेला, २०१९ चा आला, आणि जिल्हा आयोगाची मर्यादा आता मोजलेल्या किमतीच्या पन्नास लाखांपर्यंत आहे. हिंदू कायदा: मुलीच्या सहदायादीतील हक्कावर विनीता शर्मा हा ऑगस्ट २०२० चा निकाल नसेल तर घेऊ नका. कामगार कायदा: अजिबात घेऊ नका. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गावरचे कारखाने जाऊन मॉल आणि टॉवर आले, तरी औद्योगिक विवाद हा पेपर पहिल्या सत्रात टिकून राहिला. आता १९४७ चा तो कायदाही गेला. त्याची जागा घेणाऱ्या संहितेत कामगार कपातीच्या परवानगीची मर्यादा शंभरावरून तीनशे कामगारांवर गेली आहे. जुन्या पुस्तकातले उत्तर लिहिले तर ते सरळ चुकीचे ठरेल.

राहिला मराठीचा प्रश्न, आणि माझ्या लेखी तो सर्वांत मोठा आहे. पुस्तके इंग्रजी, व्याख्याने इंग्रजी-हिंदी-मराठीच्या मिश्रणात, आणि पोलीस ठाण्यातून येणारा कागद मराठी. प्रथम खबर, जबाब, पंचनामा, दोषारोपपत्र हे सगळे मराठीत असते. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी तीन वर्षे इंग्रजीशी झगडतो. इंग्रजी माध्यमातून आलेला अंधेरी कोर्टात पहिल्या दिवशी पंचनाम्याच्या हस्ताक्षराशी आणि भाषेशी झगडतो. दोघांनाही पुस्तकाने अर्धेच तयार केलेले असते. मराठीत कायद्याची पुस्तके नाहीत असे नाही. पुण्याचे अजित, मुकुंद, चौधरी हे प्रकाशक कायदे मराठीत आणतात. भाषा संचालनालयाचा न्याय व्यवहार कोश आहे, तो प्रत्येक कॉलेजच्या टेबलावर उघडा असावा. पण मराठी आवृत्त्यांची वाक्ये बहुधा राजपत्राच्या चालीची असतात. एका वाक्यात चार 'ज्याअर्थी' आणि क्रियापद शेवटी कुठेतरी. ते वाचून मराठी मुलगा पुन्हा इंग्रजीकडे वळतो. त्याला दोष कसा द्यायचा?

लागते आहे ते दुसरेच काही. कलम इंग्रजीत, स्पष्टीकरण बोलत्या मराठीत, उदाहरण मुंबईचे, सोबत दोन-तीन निकालांची मूळ पाने आणि एक खरा पंचनामा, नावे पुसून. दोनशे पाने, लोकलमध्ये मावणारी. हे काम कुठल्या मोठ्या प्रकाशकाकडून होईल असे वाटत नाही. उपनगरातल्या कॉलेजांत वर्षानुवर्षे करार आणि टॉर्ट शिकवणाऱ्या प्राध्यापकांकडे अशा टिपणांचे गठ्ठे पडून आहेत. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात ते पानाच्या भावाने विकले जातात आणि लिहिणाऱ्याचे नावही त्यावर नसते. विद्यापीठाच्या विधी विभागाने आणि महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलने यांतले चांगले निवडून छापावे. डॉ. आंबेडकर १९३५ साली गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले आणि पुढच्याच वर्षी कॉलेजच्या नियतकालिकात मुंबई इलाख्यातल्या कायदेशिक्षणाच्या सुधारणेवर त्यांनी लेख लिहिला. तो विषय नव्वद वर्षे चर्चेतच आहे. निदान एक पाठ्यपुस्तक तरी त्यातून निघायला हरकत नसावी.

तोवर यंदा प्रवेश घेणाऱ्यांसाठी पहिल्या सत्राची खरेदी अशी: करार कायद्याचा आणि ग्राहक संरक्षण कायद्याचा बेअर अ‍ॅक्ट, कामगार संहितांची नवी कोरी प्रत, बांगियांचे टॉर्ट आणि शक्य असेल तर जुने अवतार सिंग. जोशी विरुद्ध गोडबोले ई-एससीआरवरून उतरवून घ्या आणि पूर्ण वाचा. झाबवालाही घ्या, पण पेपराला महिना उरला की मग.